मागच्या सीटचे गुण

"अम्मो, साडेचार तारे म्हणजे नक्की किती?" रबाबनं मोबाईल त्यांच्या ताटलीशेजारी ठेवला. "आकाशातले नका सांगू. गाडीतले सांगा."

रिफअतनी तोंडातला ताअमियाचा वडा गिळला आणि चष्मा लावला. पडद्यावर त्यांचाच लेख होता आणि कोपऱ्यात त्यांचाच फोटो, केस अजून काळे असतानाचा.

रबाब त्यांच्या मेहुणीची, विदादची मुलगी, त्यांना अम्मो, म्हणजे काका, म्हणायची. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी करायची. विदादच्या मूत्रपिंडांनी काम सोडल्यापासून तिला दर दोन दिवसांनी डायलिसिसला न्यावं लागे. जाताना मायक्रोबस कशीबशी चाले. येताना विदादला मान धरवत नसे, आणि मळमळणारी बाई दिसली की टॅक्सीवाले न थांबता पुढे जात. कचेरीतल्या भिशीत आता रबाबचा नंबर लागला होता. गाडी घ्यायची होती, आणि आयुष्यात एकदाच घेता येणार होती. चुकली तर चुकली.

"सगळं वाचून झालंय माझं," ती म्हणाली. "परदेशातल्या धडक-चाचण्या, व्हिडिओ, मालकांची मतं. एकाच गाडीला एक म्हणतो देवानं पाठवली, दुसरा म्हणतो सैतानानं. शेवटी म्हटलं, घरातच माणूस असताना जगाला काय विचारायचं?"

घरातला माणूस कैरोतल्या एका साप्ताहिकात गाड्यांचं पान लिहायचा. केस पिकेपर्यंत तेच केलं होतं. स्वतःची गाडी मात्र कधी झाली नाही. कंपनीची गाडी चाचणीला आली की चार दिवस शुब्रातल्या त्यांच्या गल्लीत उभी राहायची, मग परत जायची, आणि रिफअत मेट्रोनं कामावर जायचे.

"धडक-चाचणीवर विश्वास ठेव," ते म्हणाले. "पण ज्या गाडीची चाचणी घेतली तीच आपल्याकडे विकतात का, ते विचार. नाव तेच असतं, एअरबॅगा कमी असतात. पेट्रोलचा आकडा म्हणजे मुलाकडच्यांनी सांगितलेला पगार. थोडा कमीच धरायचा."

"आणि तुमचे तारे?"

"माझ्याकडे गाडी येते ती धुतलेली, टाकी भरलेली, कंपनीनं पारखून दिलेली. चार दिवसांत पाहुणासुद्धा कळत नाही, पोरी."

"ह्या गाडीच्या मागच्या सीटला नऊ गुण दिलेत तुम्ही. बसला होतात मागे?"

"बसलो होतो."

"चालत्या गाडीत?"

रिफअतनी पाव मोडला. "चालवत मीच होतो. मागे बसलो तेव्हा गाडी उभी होती."

रबाबला हसू आलं नाही. "उभ्या गाडीत आईला काहीच होत नाही, अम्मो."

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मागे त्यांची बायको तहिया बसायची. लग्नानंतर पहिली गाडी दारात आली तेव्हा ती हौसेनं पुढे बसली होती. रिफअत म्हणाले, मागच्या सीटबद्दल लिहायचंय, जरा मागे बस ना. ती जी मागे गेली ती कायमची. गुरुवारी संध्याकाळी दोघं निघत. हे पुढे एकटे, ती मागे, मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पुडी. गल्लीतली पोरं ओरडायची, "मॅडम, ड्रायव्हर कितीला ठेवला?" आणि ती मंत्र्याच्या बायकोसारखा हात हलवून सांगायची, "फुकट मिळालाय, पण ऐकत नाही!"

गाड्यांमधलं तिला काही कळत नसे. ती फक्त बोलत राही. "इथं कंबरेत टोचतंय." "ही काच अशी का, मला तुरुंगात घातलंय का?" "हळू! बिया सांडल्या." दुसऱ्या दिवशी रिफअत ते लेखाच्या भाषेत लिहीत: मागील आसन किंचित कडक, खिडक्यांची उंची अपुरी. वाचक पत्रं पाठवत, की उस्ताज, मागच्या सीटचं तुमच्याइतकं अचूक कुणी लिहीत नाही. तहिया गेल्यापासून मागच्या सीटवर त्यांची फक्त बॅग असे. गुण ते अजूनही देत. पण ते आता पट्टीनं मोजून दिलेले असत.

"मग वाचूच नये का काही?" रबाबनं विचारलं.

"वाच ना. वाचून दहातल्या सात गाड्या बाद होतात, तेही थोडं नाही. उरलेल्या तीनमधली निवडायला मात्र वाचून भागत नाही. विदादला बसवून बघू. तुझ्या आईला, हॉस्पिटलच्या रस्त्यावर."

नऊ गुणांची गाडी त्यांनी रविवारी विदादला घेऊन पाहिली. शोरूममधल्या विक्रेत्यानं रिफअतना ओळखलं आणि चहा मागवला. भिंतीवर त्यांचा लेख काचेत लावला होता. "उस्ताजनीच लिहिलंय, आता मी काय बोलू?" असं म्हणत तो तासभर बोलला.

"हॉस्पिटलकडून नेऊया," रिफअत म्हणाले.

"अहो, तिकडे खड्डे आहेत! इथं मागे सुरेख रस्ता आहे, नदीपर्यंत."

"ह्यांना नदीवर जायचं नाहीये. हॉस्पिटलला जायचंय."

विक्रेत्याचा चेहरा पडला, पण तो गाडीत बसला. रबाबनं गाडी चालवली. मागे विदादचे गुडघे छातीशी आले होते. पहिल्या गतिरोधकावर तिनं "या रब्ब!" म्हटलं, दुसऱ्यावर काहीच म्हटलं नाही, तिसऱ्यावर पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"कशी आहे, हाज्जा?" विक्रेत्यानं मान वळवून विचारलं.

"गाडी छान आहे, बाळा. बसण्यापेक्षा उतरणं जास्त सुखाचं आहे."

उतरताना विदाद रिफअतच्या हाताला धरून म्हणाली, "अबेह, तुम्ही नऊ दिलेत म्हणे. माझं ऐकू नका. माझंच शरीर आता धड नाही." ती तहियाहून लहान, बहिणीच्या लग्नापासून ती त्यांना अबेह, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायची.

बाहेर पडताना रिफअतनी भिंतीवरच्या लेखाकडे पाहिलं नाही.

दुसरी गाडी जुनी होती. रबाबच्या कचेरीतला एक जण कायमचा अस्वानला चालला होता, त्याची. "दोन दिवस ठेव, फिरवून बघ," असं म्हणून त्यानं किल्ली दिली होती. मंगळवारी डायलिसिस संपायच्या वेळी रिफअत हॉस्पिटलच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. राखाडी रंगाची, चारचौघींसारखी गाडी समोर येऊन थांबली, आणि त्यांचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. हे मॉडेल माझ्याकडे येऊन गेलंय."

"माहितीये. जुना लेख शोधून काढला मी. तीन तारे दिलेत. 'ह्या गाडीत लक्षात राहण्यासारखं काही नाही.'"

विदादला दोघांनी मिळून मागे बसवलं. दार उंचीला बरोबर होतं. तिला वाकावं लागलं नाही. रिफअत पुढे बसले. घड्याळाची जागा तीच, काचा खाली करायची बटणं तीच, एसीचा तोच हलका घुमणारा आवाज.

ही गाडी त्यांनी ओळखली होती. मआदीच्या नदीकाठच्या रस्त्यावर, अशाच एका संध्याकाळी, मागून बराच वेळ काहीच ऐकू आलं नव्हतं. कुठं टोचत नव्हतं, काही सांडत नव्हतं. शेवटी त्यांनीच विचारलं, काय गं, लिहायला काही दे. तेव्हा तहिया म्हणाली होती, "ही ठेवूया ना आपण."

एवढंच. इतक्या गाड्या आल्या आणि गेल्या, त्यातली ही एकच तिनं मागितली होती. ते हसले होते. ठेवूया म्हणे! शनिवारी गाडी परत गेली. ती काही बोलली नाही म्हणून लिहायला काही सापडलं नाही, आणि त्यांनी लिहिलं की लक्षात राहण्यासारखं काही नाही.

"अम्मो?" रबाब म्हणाली. ती पुढे बघून जपून चालवत होती. गतिरोधक येत होते, जात होते. "तुम्ही काहीच सांगत नाही. इंजिन बघायला मेकॅनिक येणारच आहे उद्या. पण तुमचं मत?"

"तुझ्या आईला विचार."

"आई, कशी वाटते?"

उत्तर आलं नाही. रबाबनं आरशात पाहिलं आणि आवाज खाली आणला. "झोपलीय. टॅक्सीत कधी डोळा लागत नाही तिचा."

रिफअतनी मागे वळून पाहिलं. विदादचं डोकं खिडकीला टेकलं होतं. डोक्यावरचा रुमाल थोडा मागे सरकला होता, तोंड किंचित उघडं होतं, आणि हनुवटीखालची ती घडी दोघी बहिणींची सारखीच होती. जागेपणी हे साम्य त्यांना कधी दिसलं नव्हतं.

"डायलिसिसनं थकून झोपली असेल," रबाब म्हणाली. तिला स्वतःला फसवून घ्यायचं नव्हतं. "गाडीमुळेच असं नाही म्हणता येणार."

"नाही म्हणता येणार," रिफअत म्हणाले. त्यांनी एसीची झडप वळवली, म्हणजे गार झोत मागे थेट लागणार नाही.

"मग घेऊ का?"

"मेकॅनिक काय म्हणतो ते ऐक. तो हो म्हणाला तर घे." मग ते म्हणाले, "आणि घेतलीस तर ठेव. बरीच वर्षं ठेव."

गल्ली आली. रबाबनं वळण्यासाठी दिवा लावला.

"वळू नकोस," ते हळूच म्हणाले. "एक फेरी मारून ये. झोपू दे तिला."

तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, दिवा बंद केला आणि गाडी सरळ नेली. विदादला हात द्यायला इमारतीचा रखवालदार खुर्चीवरून उठला होता. गाडी त्याच्यासमोरून तशीच पुढे निघून गेली. तो जरा वेळ बघत राहिला, मग पुन्हा बसला.