आयरीनचा उजवा पाय

गाडी न्यायला अकराला माणूस येणार होता आणि आठला आयरीनचा फोन आला. "बर्नी, एकदा बघून तरी जा. गिअरबॉक्स खलास झालाय म्हणतात."

"म्हणणारे कोण?"

"रोमन. आणि त्याचे ते शनिवारवाले."

शनिवारवाले म्हणजे डोनटच्या दुकानासमोर जुन्या गाड्यांची बॉनेटं उघडून उभे राहणारे आमच्या हॅमट्रॅमिक गावचे रिकामटेकडे. बिघडलेली गाडी एक, सल्ले दहा. मी एकतीस वर्षं कारखान्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडले, पण मला कोण विचारतो? बाई ना मी!

सहासष्ट सालची ती निळी गाडी आयरीनने स्वतःच्या पगारातून घेतलेली. आता आयरीन एकोणऐंशी वर्षांची आहे. गेल्या महिन्यात गिअर टाकताच गाडीने उडी मारली आणि गॅरेजचं दार फोडलं. आईचा पाय चुकून ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला, असं तिच्या मुलाने, रोमनने, ठरवून टाकलं. गाडी विकायची आणि आईने पुन्हा गाडी चालवायची नाही.

मी पोचले तर हा हाताची घडी घालून उभा. "बर्नी मावशी, उगाच तिला आशा लावू नकोस."

"तू आधी बाजूला हो. उजेड अडवतोयस."

इंजिन सुरू केलं. उभ्या गाडीत ते अडखळत होतं आणि तरी भलतंच जोरात फिरत होतं. मागून पांढरट धूर. गिअरबॉक्सचं तेल मोजायच्या पट्टीवर पार खाली.

"तेल गेलं कुठे?"

"गळत असेल," रोमन म्हणाला.

"मग जमिनीवर एक थेंब दाखव."

इंजिन बंद करून, पुठ्ठा अंथरून मी खाली शिरले. गिअरबॉक्सच्या कुशीत एक छोटी डबी असते. इंजिन नळीतून हवा शोषतं, ती ओढ तिला कळते आणि गिअर कधी बदलायचा ते त्यावर ठरतं. नळी उपटली, तर तळहातावर लाल तेल! डबीतला रबरी पडदा फाटला होता आणि इंजिन तिथून महिनोन्‌महिने तेल पीत होतं. मला हसूच आलं. तसली डबी माझ्या पेटीत होतीच. ती बसवली, तेल भरलं. अडखळणं थांबलं, पण इंजिन अजून बेफाम.

उभ्या गाडीत इंजिनचा वेग ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू पाहिला. तो पार आत पिळलेला.

"हा कुणी आवळला?"

रोमनने वाकून स्क्रू पाहिला. "मी. सिग्नलला बंद पडायची. भर रस्त्यात आई अडकली तर? शनिवारी ते म्हणाले, आवळ थोडा."

"दार फुटलं कधी?"

"दुसऱ्याच दिवशी, रविवारी," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला.

इंजिन एवढ्या वेगात फिरत असताना गिअर टाकला असता तर माझ्याही हातून दार फुटलं असतं. मी स्क्रू सैल करत गेले, इंजिन शांत गुरगुरेपर्यंत. मग आयरीनला बसवलं. तिने गिअर टाकला. गाडी जागची हललीसुद्धा नाही. ब्रेक सोडला तशी अलगद पुढे सरकली आणि तिने ती पुन्हा थांबवली.

रोमन खिडकीशी वाकला. "आई, तुझा पाय नव्हता गं. माझं चुकलं."

आयरीनने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. "महिनाभर मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून ब्रेक दाबायचा सराव करतेय," ती म्हणाली. "फरशीवर. मला खरंच वाटायला लागलं होतं."

रोमनला रडू आवरेना. तिने त्याचा गाल थोपटला.

"अकराच्या माणसाला तू सांग," ती म्हणाली आणि निघाली.