दोन नोंदी, एक यादी

वहिनीचा फोन आला तेव्हा आत्या ऑफिसात जेवत होती. हॉस्पिटलचं नोंदणीचं सॉफ्टवेअर तिच्याच हातचं, त्यामुळे घरच्यांच्या तक्रारी थेट तिच्याकडेच यायच्या.

"अगं, तुझ्या त्या कॉपीच्या बटणानं घोळ घातला बरं का! थोरलीची पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी धाकटीच्याही नोंदीत आली. आत्ता हिला लसीला आणलं, तेव्हा मीच सांगून काढायला लावली."

भावंडांचा पत्ता पुन्हा टाइप करायला नको म्हणून एकाची नोंद दुसऱ्यासाठी उचलणारं ते बटण आत्याने केलं होतं. केवढं मिरवली होती तेव्हा! "काढलीस ना, बरं झालं," म्हणून तिने घास घेतला आणि तो तोंडातच राहिला.

तिची कॉपी वरवरची होती. नवी नोंद म्हणजे नवं कपाट, ते तिने केलं. पण आतला अ‍ॅलर्जीच्या यादीचा डबा जुनाच ठेवला. दोन्ही कपाटांतून हात जायचा तो एकाच डब्यात. धाकटीची अ‍ॅलर्जी काढली म्हणजे थोरलीचीही गेली.

"थोरली कुठंय?"

"घसा सुजलाय तिचा. हे घेऊन गेलेत पलीकडच्या खोलीत, इंजेक्शनला."

आत्या खुर्चीतून उठलीच. दादाला मुलींची इयत्तासुद्धा बायकोला विचारावी लागे. अ‍ॅलर्जी त्याला कुठून आठवणार?

"वहिनी, पळ! इंजेक्शन थांबव!"

फोन चालूच होता. चपलांचा आवाज, धाकटीचं रडणं, दार आपटलं. आत्याने देव कधी मानला नव्हता, पण आता दिसेल त्याला हात जोडायची तिची तयारी होती.

मग दादाचा आवाज आला. "काय गं, काय झालं?"

"टोचलं का?"

"नाही, आत्ता भरलीये सिरिंज. पेनिसिलीनच आहे म्हणतायत. नर्सनं विचारलं होतं अ‍ॅलर्जीचं. मी म्हटलं, कॉम्प्युटरात बघा, आमच्या बहिणीनं बनवलंय, चुकायचं नाही."

आत्या रडायलाच लागली. "चुकलंय, दादा. माझंच चुकलंय. जिथे जिथे ते बटण दाबलंय, तिथे हेच होणार."

दादाने दाराबाहेर नजर टाकली.

"इथे रांगेत अजून दोघी बहिणी बसल्यात गं," तो हळूच म्हणाला.

आत्याने डोळे पुसले. "फोन नर्सकडे दे."