साच्यात ओठ नसतो

निशाने दातांच्या मापाचा ट्रे नळाखाली धरला आणि अंगठ्याने कडेकडेने गुलाबी रबरासारखा थर सोडवायला सुरुवात केली. आत ओतलेलं प्लास्टर कडक झालं होतं. घाई केली की साच्याचे दात मोडतात, हे ती इथे आल्या आल्या शिकली होती. या साच्यात मात्र मोडण्यासारखं फारसं काही नव्हतंच. वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात एकही दात नव्हता आणि हिरडीची कमान डावीकडे आत दबली होती, ओल्या मडक्यावर कुणाचा अंगठा पडावा तशी.

ती साचा उजेडाकडे धरून फिरवत राहिली. सोबतच्या चिठ्ठीवर नाव होतं, कोलू. गाव एटापल्लीकडचं. बाकी वय आणि दातांचा रंग.

"अस्वलानं केलं हे," ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावर पुनम एका कवळीला पॉलिश करत होती. तिने चाक बंद केलं.

"काऊन म्हणतं?"

"पडून मोडले असते तं खालचेबी गेले असते. पंजा वरून येते."

पुनमने साचा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि परत दिला. लॅबचे मालक रामाजी आतल्या खोलीतून चष्मा कपाळावर सरकवत बाहेर आले. निशाने त्यांच्याकडे पाहून विचारलं,

"भाऊ, हे काम मी करू?"

"सोपं नाई ते," पुनम म्हणाली.

"करू दे तिले," रामाजी म्हणाले. "मेणातच तं लावायचे हायत दात. बिघडलं तं वितळवून पुन्हा लावन."

चंद्रपूरच्या एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर ही लॅब होती. जिल्हाभरातून आणि पलीकडे गडचिरोलीतून इथे बसने डबे यायचे. डब्यात तोंडांची मापं असायची आणि जाताना त्याच डब्यांतून दात जायचे. माणूस कधी यायचा नाही. ज्याचे दात आपण घडवले त्याचा चेहरा या कामात सहसा दिसत नाही.

निशाला हे ठाऊक होतं, कारण ती डब्याच्या दुसऱ्या टोकाकडून आली होती.

हेमलकशापासून आत, जंगलात तिचं गाव. नववीत असताना मोहाच्या दिवसांत ती आई मंगलीबरोबर पहाटे फुलं वेचायला गेली होती. झाडाखाली त्यांच्या आधीच कुणीतरी फुलं खात बसलं होतं. पुढचं तिला नीट आठवत नसे. आठवत असे ते आईचं ओरडणं आणि तोंडात भरलेलं रक्त. हेमलकशाच्या दवाखान्यात टाके पडले, जीव वाचला, डोळा वाचला. वरचे पुढचे दात गेले आणि ओठ शिवल्यावर एका बाजूने वर ओढला गेला.

दुखणं गेलं, पण बोलणं परत येईना. स्वतःचं नाव घ्यायला गेली की त्यातला श फटीतून निसटून जायचा. शाळेत हजेरीला ती नुसता हात वर करायची. बाई काही बोलत नसत, पण मुलं हळूहळू तिच्याशी खुणांनीच बोलायला लागली, जणू तिला ऐकूही येत नव्हतं. मग एका शिबिरात अहेरीच्या दंतवैद्याने माप घेतलं आणि पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दात आले. आरशासमोर उभं राहून तिने पहिल्यांदा स्वतःचं नाव म्हटलं. निशा. पुन्हा म्हटलं. दिवसभर ती गावात ज्याला-त्याला आपलं नाव सांगत फिरली होती, आणि गावातला प्रत्येक माणूस तिला जन्मापासून ओळखत होता.

बारावी झाल्यावर तिने अहेरीच्या डॉक्टरांना विचारलं, हे दात कुणी केले? चंद्रपूरच्या लॅबने, ते म्हणाले. आपल्याला कधी न पाहिलेल्या माणसाने आपलं नाव आपल्याला परत दिलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. नागपूरला त्या कामाचा अभ्यासक्रम होता, तो तिने केला आणि सरळ याच लॅबचा जिना चढली.

रामाजींना पाहिल्याबरोबर तिने मनाशी ठरवून टाकलं की हेच ते. गावाहून येताना ती त्यांच्यासाठी चारोळी आणायची, कधी मध. "भाऊ, मले तुमाले एक सांगायचं होतं," अशी सुरुवातही तिने एक-दोनदा केली. पण तेवढ्यात फोन वाजायचा, किंवा तीच काम पुढे करून विषय बदलायची. मग तिने ठरवलं, आधी आपल्या हातचे दात कुणाच्या तरी तोंडात बसू देत, मग बोलू.

आणि आता कोलूचा साचा समोर होता.

तिने गुलाबी मेण स्पिरिटच्या दिव्यावर मऊ केलं, हिरडीवर कमान बसवली, रंग जुळवून दात निवडले आणि एकेक लावत गेली. दबलेल्या बाजूला मेणाची भर दिली. दर दातानंतर ती पितळी बिजागरीवर बसवलेले वरखालचे साचे मिटून बघायची. तो माणूस तिने पाहिला नव्हता, पण त्याचं तळहाताने तोंड झाकून बोलणं तिला दिसत होतं. त्याला भरघोस दात द्यायचे, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

काम झाल्यावर तिने ते पुनमसमोर ठेवलं. पुनम ब्रह्मपुरीची, चाळिशीकडे झुकलेली, कामापुरतंच बोलणारी. तिने साचा डोळ्यांच्या रेषेत धरला, सुरी दिव्यावर तापवली आणि मधले दोन दात अलगद बाहेर काढले.

निशा टेबलावर वाकली.

"चुकलं?"

"पुस्तकाच्या हिशोबानं बरोबर हाय." पुनमने दात टेबलावर ठेवले. "पण साच्यात हिरडी येते, टाळू येते. ओठ येत नाई. फाटलेला ओठ शिवला का वर ओढते. मंग सरळ लावलेले दातबी लांब दिसते. त्याचा ओठ कुठपर्यंत येते, हे डॉक्टरले विचारून घ्या लागन."

"तुमाले कसं मालूम?"

पुनमने सुरी पुसली. मग ती बाजूला ठेवली.

"मी शिकून राह्यली होती तवा. असाच साचा आला होता अहेरीकडून. रामाजीभाऊ बिमार होते, तं मीच केलं. असेच लावले मी दात, सरळ, भरपूर. लई खुश होती. डबा गेला अन् मंग डॉक्टरचा फोन आला. म्हणे, शाळेतली पोरगी हाय, ओठ वर हाय तिचा, दात लांब दिसून राह्यले. मले रडूच आलं. म्हटलं, परत पाठवा, दुसरे करून देते. म्हणे, पाठवतो." तिने काढलेले दोन दात एका रेषेत लावले. "रोजचे डबे मीच उघडत होती. आलेच नाईत."

खाली रस्त्यावर एक ट्रक मागे घेताना सूर धरून ओरडत होता.

"मले वाटलं, पोरीनं आरशात पाह्यलं असन अन् फेकून देल्ले असतीन."

निशाच्या तोंडावर मास्क होता. पॉलिशची धूळ उडते म्हणून लॅबमध्ये सगळेच तो लावत. तिने तो कानावरून काढला आणि हनुवटीखाली ओढला.

"फेकले नाईत," ती म्हणाली. "डॉक्टर मागाले आले होते. मीच देल्ले नाई. म्हटलं, गेले तं पुन्हा येतीन का नाई, कोणाले मालूम."

पुनम तिच्याकडे पाहत होती, पण तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"मालूम हाय मले," ती म्हणाली.

"कवापासून?"

"तू आली त्याच दिशी. चहा प्याली ना तू. आपल्या हातचं काम ओळखू येते."

"मंग बोलल्या काऊन नाईत?"

"काय बोलू? का तुह्ये दात म्या बिघडवले?" पुनमने सुरी पुन्हा दिव्यावर धरली, विनाकारणच. "तू रामाजीभाऊले शोधत आली होती. त्यायले चारोळी देत होती. मी पाहून राह्यली होती ना. म्हटलं, राहू दे. चांगल्या माणसाच्या हातचे हायत, असं वाटते तिले, तं वाटू दे."

 निशाने घरून घोकून आणलेलं सगळं रामाजींच्या मापाचं होतं, ते इथे बसेना.

"माह्यी माय म्हणते," ती शेवटी म्हणाली, "तू हसली का नदीच्या त्या काठावरून दिसते."

पुनमने मान खाली घातली. बराच वेळ ती कोलूच्या साच्याच्या कडेला सांडलेलं मेण साफ करत राहिली, जिथे आता मेण उरलंच नव्हतं.

दुपारी निशाने कोलूचं माप पाठवणाऱ्या अहेरीच्या त्याच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी कोलूला बोलावून घेतलं, त्याचा ओठ हसताना कुठवर चढतो ते मापलं आणि कळवलं. त्यानुसार निशाने दात वर घेतले, कडा किंचित घासल्या, खरा वाटावा म्हणून एक दात जरा तिरका केला. मेणातलंच काम डब्यात घालून आधी बघायला पाठवलं. थोड्या दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. मेणाचे दात कोलूच्या तोंडातून काढून घेताना त्याने डॉक्टरांचा हात धरून ठेवला होता. पक्के करून पाठवा, ते म्हणाले.

निशाने हे सांगितलं तेव्हा रामाजी "चला," एवढंच म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळाने जेवणाची सुटी झाली. निशा नेहमीसारखी खिडकीकडे तोंड करून बसली. पुनम आपला डबा घेऊन तिच्या शेजारी आली.

"ढिले झाले ना?" तिने विचारलं.

निशाचा घास हातातच राहिला.

"जिभेनं वर धरून चावतं तू. रोज पाहते. हिरडी झिजतच असते. तवाच्या पोरीच्या मापाचे दात आताच्या बाईले कसे बसतीन? जेवण झालं का माप घेऊ."

"पण पुनमताई," निशा म्हणाली, "लई आखूड नका करू."

"नाई करत," पुनम म्हणाली. "ओठ पाहून करीन आता."

जेवणानंतर दोघींनी रामाजींच्या खोलीतली खुर्ची उजेडाला ओढली. पुनमने हात धुतले आणि तळहात पुढे केला.

"काढ."

निशाने आजवर ते कुणासमोर काढले नव्हते. घरी आईसमोरसुद्धा ती भिंतीकडे वळायची. तिने दाराकडे पाहिलं. मग काढले आणि पुनमच्या तळहातावर ठेवले.

पुनमने ते उलटसुलट करून पाहिले. टाळूच्या बाजूवरून बोट फिरवलं.

"किती जाड ठेवलं होतं मी हे," ती हळूच म्हणाली. "याच्यासंगं जेवत होती तू?"

निशाने मान डोलावली. पुनमने वाटीत पावडर आणि पाणी घेऊन भराभर फेटलं, गुलाबी लगदा ट्रेमध्ये भरला आणि निशाची हनुवटी वर करून तो तिच्या वरच्या जबड्यावर बसवला. थंड लगदा टाळूला लागला, ओठाखाली शिरला. पुनमने दोन बोटांनी ट्रे दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने निशाचं डोकं मागून आधाराला घेतलं. पुनमचा चेहरा इतका जवळ होता की तिच्या कपाळावरची प्लास्टरची पांढरी रेघ निशाला दिसत होती.

आणि नेमक्या त्याच वेळी निशाच्या मनात आभाराचे ते शब्द आले. सरळ, साधे, एवढे दिवस कुठे अडले होते कोण जाणे. तिने बोलायचा प्रयत्न केला. घशातून नुसता एक आवाज निघाला आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहून कानांकडे गेलं.

"बोलू नको," पुनम म्हणाली. "हललं तं माप बिघडते."

निशाने डोळे मिटले. वाटीच्या कडेला उरलेला लगदा घट्ट होऊन रबरासारखा सुटला होता. पुनमने तो पाहिला. ट्रे आता काढता येत होता. तिने डोक्यामागचा हात तसाच राहू दिला.