यंदा दाजींना सूट

आमच्या गावात धुळवडीला जावई धरून गाढवावर बसवतात. गळ्यात फाटक्या चपलांचा हार, पुढं हलगी, आन् पारावर पोचलं की अंगावर नवे कपडे. म्हणून शिमगा आला की गावातले जावई दडून बसतात आन् आमी मेव्हणे त्यांना हुडकत फिरतो. जो लई हुडकायला लावतो त्याचा मान मोठा.

मी मुंजा, आन् माझे दाजी गहिनीनाथ, माझ्या छबुआक्काचे मालक, ह्यात उस्ताद. एका साली कडब्याच्या गंजीतून पाय धरून ओढला होता गडी. गावच्या दूध सोसायटीचे ते सचिव. दुधाचं माप घेता घेता निम्म्या गावाची टिंगल करायचे.

मग दुष्काळ आला. जनावरं चारा छावणीला गेली, उरली ती बाजारात गेली, सोसायटीला कुलूप लागलं. दाजी गप झाले. बस म्हटलं की बसायचे, जेव म्हटलं की जेवायचे. एकदा आक्काला ते कोरड्या विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेले दिसले. ती हादरली, आमी बी हादरलो.

अंबाजोगाईहून समुपदेशक बाई यायच्या. भली बाई, पारावर बसून आमच्यासंगं चहा प्यायची. ती म्हणाली, यांना एकटं पाडू नका, जपा. आमी शहाण्यांनी निम्मंच ऐकलं. असं जपलं की इचारू नका. कुणी चेष्टा करीना, कुणी शिवी देईना. मी बी "दाजी, चहा घेता का" असं बोलायचो, जसं मरणाच्या दारातल्या म्हातारीशी बोलतात. सोसायटीचे चेअरमन धुळाजी धुळवडीच्या आधी पारावर म्हणाले, "यंदा गहिनीनाथला सूट. त्याला गाढवाबिढवाचा तरास नको." सगळ्यांनी मान डोलावली. दाजी तिथंच बसले होते, पण ते ऐकतात असं कुणालाच वाटत नव्हतं.

धुळवडीच्या सकाळी आक्का बोंबलत आली. दाजी घरात न्हाईत.

गावाचं रगतच आटलं. हलगी बंद पडली. जो तो विहिरीकडं पळाला. मी वाकून वाकून आत बघितलं. मळ्यातली विहीर लई खोल, तळ दिसंना. आत उतरायला सोल, जाड दोर, पायजे म्हणून मी सोसायटीच्या कोठीकडं पळालो. कुलूप तसंच, पण मागची खिडकी उघडी. आत उडी घेतली तर दुधाच्या रिकाम्या कॅनांमागं दाजी उकिडवे बसलेले.

"एवढा येळ लागतो का बे?" दाजी म्हणाले. "काल रातीपासून कंबर मोडली माझी."

मी म्हणालो, "दाजी, तुमाला तर यंदा सूट होती."

"कावून सूट? मी काय मेलो का?" त्यांचा आवाज फाटला. "मुंजा, जिता हाय मी. हितंच बसलोय. तुमी समदे माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलता, जणू मी तिरडीवर हाय."

मला रडू आलं आन् राग बी आला. म्हणालो, "गावभर विहिरी हुंगायला लावल्या आमाला, हरामखोर माणसा." आयुष्यात पहिल्यांदा दाजींना अशी शिवी हासडली. मग खिडकीतून तोंड काढून बोंब ठोकली, "जावई घावला!"

पोरं धावत आली. गाढव पाण्याच्या खेपांवर होतं, त्याच्या पाठीवरच्या घागरी उतरवून आणलं. दाजींनी दाराची चौकट धरली. लाथा झाडल्या, धुळाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी त्यांचा दंड धरला तर माझ्या मनगटाला कचकन चावले. जेव म्हटलं की जेवणारा माणूस, त्याला आज जीव तोडून एक गोष्ट नको होती. मला असा आनंद झाला की काय सांगू.

आक्का विहिरीकडून धापा टाकत आली. तोंडावर माती, डोळ्यांला धार. दाजींकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"घट धर मुंजा," ती म्हणाली. "सोडू नकोस."

मनगटातून रगत येत होतं. मी हात काढला न्हाई.