डावी वेणी

मी डाव्या वेणीला हात लावला आणि आप्पांनी लायटर दाबला.

भट्टी भप्पकन पेटली. ज्योत आधी पिवळी आली. आप्पांनी बर्नरखालची चकती जराशी फिरवली तशी ती निळी झाली आणि गोल, सारखी फुसफुसत राहिली. मागे उभ्या लछमनकाकांनी हातच जोडले.

"वा गहिनी! आठ दिवस पातेली काळी होत होती."

"जेटचं भोक चोंदलं हुतं, शेठ. बाकी काय न्हाई," आप्पा म्हणाले आणि पाना पिशवीत टाकला.

मी मात्र भिंतीला टेकले होते आणि ज्योतीकडे बघायचं टाळत होते. कारण डाव्या वेणीचा अर्थ होता 'आत गॅसचा वास नाही'. उजवीचा अर्थ 'आहे, थांबा'. आणि त्या दिवशी माझं नाक सिमेंट भरल्यासारखं बंद होतं. आदल्या दिवशी मैत्रिणींबरोबर पैज लावून बर्फाचे तीन गोळे खाल्ले होते आणि वर कूलरच्या तोंडाशी झोपले होते. सकाळी उठले तर वास नावाची गोष्टच जगातून गेलेली. पण आप्पांना कसं सांगायचं? सुट्टीतला तो शेवटचा शनिवार होता. सोमवारपासून माझी दहावी सुरू. शिवाय 'माझ्या नाकावर आख्खं नगर शिजतं' असं मीच मैत्रिणींना सांगत फिरत होते.

माझे वडील, गहिनीनाथ, हॉटेलातल्या भट्ट्या दुरुस्त करतात. मूळचे काष्टीचे, पंचवीस वर्षांपूर्वी नगरात आले. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आप्पांच्या तोंडात अजून नगरच. पाहुणे आले की किल्ला बघतात, रणगाड्यांचं म्युझियम बघतात. मी मात्र सगळं नगर मागच्या दाराने पाहिलंय. तारकपूरला सिंधी लछमनकाका मैद्याचे कुरकुरीत पकवान कसे टोचून टोचून तळतात, भिंगार कॅम्पात मुरुगनअण्णा नारळ कसा एका फटक्यात फोडतात, मुकुंदनगरात हाजराखाला पुलावाच्या मोठ्या देगेच्या झाकणाला कणकेची वळी कशी लावतात, हे सगळं मी राखेच्या, सालपटांच्या बाजूने पाहिलंय. पुढच्या बाजूला नुसती टेबलं असतात.

आणि या सगळ्या मागच्या दारांचा एक नियम आहे. दुरुस्त भट्टीवर जे पहिलं शिजेल त्याचा पहिला घास मेकॅनिकचा. आप्पांच्या बाबतीत तर मालक समोर उभा राहतो आणि विचारतो, "कसं झालंय?" कारण आप्पा तोंडावर खरं सांगतात. एकदा त्यांनी मुरुगनअण्णांना सांगितलं होतं, "तुमचा हिंग जळलाय." अण्णांनी आख्खं पातेलं ओतून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून आप्पांना सगळे मानायला लागले.

हे करोनाच्या आधीचं.

दुसऱ्या लाटेत आप्पा वाचले, पण त्यांचं नाक गेलं. जिभेला खारट, आंबट, तिखट एवढं कळतं, बाकी काही नाही. आम्हाला कळलं तेही कसं? आई पाणी भरायला गेली होती, दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला, आणि आप्पा शेजारी बसून पेपर वाचत होते. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. चार वर्षं झाली.

भट्टीच्या माणसाला नाक नाही म्हणजे ड्रायव्हरला डोळे नाहीत. तीन वर्षं आप्पांनी युक्तीवर काढली. आत शिरलं की मालकालाच म्हणायचे, "बघा बरं, वास येतोय का तुमाला?" जणू त्याची परीक्षाच घेतायत. आणि घास खाल्ल्यावर म्हणायचे, "नेहमीसारखं झालंय." पण मागच्या दिवाळीआधी एका मालकाने 'नाही येत' म्हटलं आणि भडका झाला. आप्पांच्या हातावरचे केस जळाले, भुवई गेली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी बरोबर जाते. काम झालं की ते उघडलेल्या सांध्याला साबणाचं पाणी लावतात, मग मी वास घेते आणि मगच लायटर. घास खाताना मी मध्येच तोंड घालते. "अय्या काका, आज जिरं जास्त भाजलंय ना?" मग आप्पा म्हणतात, "व्हय, तेच म्हनत हुतो." लोक म्हणतात, पोरीचं नाक बापावर गेलंय. आप्पा हसतात.

"काय गं, आज गप्प?" लछमनकाका डाळीची वाटी आणि पकवान घेऊन समोर उभे होते. "सांग, गहिनी. कशी झाली?"

आप्पांनी घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी घास तोंडात टाकला. आंबट होतं. एवढंच.

"एक नंबर! आमचूर एकदम बरोबर."

"आमचूर? आज चिंच घातलीय, बेटा. आमचूर संपला."

"तेच ते काका, आंबट म्हणजे!" मी इतकी मोठ्याने हसले की काकाही हसले. आप्पा हसले नाहीत.

स्कूटरवर बसताना त्यांनी विचारलं, "बरं वाटतंय ना तुला?"

"मला काय धाड भरलीय?"

मुरुगनअण्णा फौजेत स्वयंपाकी होते. रिटायर झाल्यावर गावी न जाता भिंगारलाच राहिले आणि डोशाची गाडी टाकली, गाडीची खोली झाली. त्यांचं मराठी वीस वर्षांत आठ शब्दांवर थांबलंय. "या या, गहिनी सर! छोटा मॅडम पण या!"

इथेही मी डाव्या वेणीला हात लावला. लावताना म्हटलं, साबणाचं पाणी लावतातच की आप्पा. काही होत नाही. आणि काही झालंही नाही. अण्णांनी नवीन ज्योतीवर रस्सम उकळलं, फोडणी दिली आणि स्टीलच्या दोन पेल्यांत ओतून आणलं.

अण्णांचं रस्सम म्हणजे काय सांगू! एरवी पेला तोंडाशी नेला की मिरी, कढीपत्ता, हिंग असे एकामागून एक नाकात शिरतात. त्या दिवशी मी घोट घेतला आणि गरम, खारट पाणी प्यायले. दुसरा घोट घेतला. तेच. मी पेल्यात डोकावून बघितलं. कढीपत्ता तरंगत होता. दिसत होता, पण नव्हता.

शेजारी आप्पा पीत होते. शांतपणे, थेंबही न सांडता, शेवटपर्यंत. पेला खाली ठेवून म्हणाले, "लई झाक, अण्णा."

चार वर्षं. रोज. आईची भाकरी, आजीचं लोणचं, पाऊस पडल्यावरची माती, सगळंच असं गरम खारट पाणी. आणि हा माणूस पेला असा रिकामा करतो की बनवणाऱ्याला वाईट वाटू नये. मी सात महिने त्यांच्याबरोबर फिरत होते आणि मला वाटत होतं, मी त्यांना मदत करतेय, मजा आहे. त्यांचं काय गेलंय हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. स्कूटरवर मागे बसून मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा शिंक आली, ती मी त्यांच्या शर्टात दाबली.

मुकुंदनगरात हाजराखालांकडे संध्याकाळी वलीम्याची, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणाची ऑर्डर होती, दोनशे माणसांची. भट्टी सकाळपासून बंद पडलेली. खोली लहान, कांद्यांवर धूळ येते म्हणून खिडक्या लावलेल्या. सिलिंडर आतच. आणि फरशीवर मांडी घालून खालांच्या तीन नाती लसूण सोलत बसल्या होत्या. सगळ्यात धाकटी पाच वर्षांची. ती लसूण कमी सोलत होती आणि सालं जास्त उडवत होती.

"भाई, आज इज्जत का सवाल है," खाला म्हणाल्या. "पाच बजे तक देग उतरनी होना."

आप्पांनी जेट काढला, पिन घातली, फुंकला, बसवला. जोडाला साबणाचं पाणी लावलं. लायटर हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

मी वेणीपर्यंत हात नेला.

आप्पांनीच मला शिकवलं होतं, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर जात नाही, पाण्यासारखा खाली फरशीवर साचतो. त्या धाकटीच्या केसांत लसणाचं साल अडकलं होतं. ती माझ्याकडे बघून हसली.

"आप्पा, थांबा! मला वास येत नाहीये! सकाळपासून येत नाहीये!"

"कायकू चिल्लाई गे?" खाला दचकून वळल्या.

"मला सर्दी झालीय," मी रडायलाच लागले. "मला कळत नाहीये आत गॅस आहे का नाही."

"तो तेरे अब्बा हैं ना. उनको नहीं आता क्या?"

 आप्पा माझ्याकडे बघत होते, मग लायटरकडे. मला वाटलं, आता ते म्हणतील, येतो की, पोरगी येडी हाय. सहज म्हणता आलं असतं.

त्यांनी लायटर पिशवीत ठेवला. "न्हाई येत, खाला. चार वर्सं झाली. करोनात गेलं ते आलंच न्हाई. पोरींनो, भायेर व्हा. खिडक्या उघडा."

पुढचा अर्धा तास ते गुडघ्यांवर रांगत होते. रेग्युलेटरपासून भट्टीपर्यंत सगळे सांधे, सगळी नळी, ब्रशने साबणाचं पाणी लावून, प्रत्येक जागी डोळे लावून. शेजारच्या दुकानातून खालांनी एका माणसाला बोलावलं. त्याने वाकून वाकून वास घेतला. कुठेही एक बुडबुडासुद्धा आला नाही. गळती नव्हतीच.

म्हणजे मी उगाच ओरडले होते. उगाच सगळं सांगून बसले होते.

भट्टी पेटली. देग चढली. कांदा लाल झाला असावा, कारण नाती बाहेरून ओरडल्या, "क्या खुशबू है!" आम्ही दोघं दारात बसून होतो. पुलाव झाल्यावर खालांनी दोन ताटल्या आणल्या, आमच्यासमोर ठेवल्या, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत निघून गेल्या. विचारलं नाही. पहिल्यांदाच कुणी विचारलं नाही.

आप्पांनी ताटली पुसून खाल्ली.

"चुकले मी, आप्पा."

"सकाळी चुकलीस. दुपारी न्हाई."

"पण गळती नव्हतीच की."

"आज नव्हती." ते उठले. "चल. मागं जायचंय."

"कुठे?"

"जिथं जिथं डावी वेणी धरलीस तिथं."

मुरुगनअण्णांना काय कळलं काय नाही देव जाणे. आप्पांनी नाकाकडे बोट करून, हाताने फुली मारून सांगितलं. अण्णांनी खाडकन सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "हमारा कमांडिंग अफसर साब का एक पैर नहीं था. नेक्स्ट मंथ या, सर." आप्पांनी सगळे सांधे पुन्हा तपासले, तोवर अण्णा साबणाची बाटली धरून उभे होते.

तारकपूरला पोचलो तेव्हा हॉटेल बंद होत आलं होतं. लछमनकाका बाकडी उलटी करून ठेवत होते. आप्पांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. काकांनी एक बाकडं पुन्हा सुलटं केलं आणि त्याच्यावर बसले.

"चार वर्षं," ते म्हणाले. "म्हणजे मी विचारायचो डाळ कशी झाली, आणि तू सांगायचास..."

"आधी आठवून सांगायचो. मग ही सांगायची."

"आणि आज आमचूर." काकांनी माझ्याकडे बघितलं. मी चपलेकडे बघितलं. "बायको गेल्यापासून मी कुणाला विचारत नाही, गहिनी. फक्त तुला विचारायचो."

 आप्पांनी आत जाऊन सिलिंडरपासून सुरुवात केली. ब्रश, साबण, डोळे. काका दारात उभे राहून बघत होते. सगळं कोरडं निघाल्यावर म्हणाले, "मला भीती वाटते, गहिनी. पुढच्या वेळेपासून कंपनीचा माणूस बोलावतो. वाईट वाटून घेऊ नको."

"बरोबर हाय, शेठ. मीबी तेच सांगितलं असतं."

त्यांनी लायटर काकांच्याच हातात दिला. काकांनी भट्टी पेटवली. ज्योत निळी, गोल आली. आप्पा फडक्याने हात पुसून पिशवी उचलायला वाकले.

"थांब," काका म्हणाले.

डाळ संपली होती. परातीत मैद्याचा एक गोळा उरला होता. काकांनी तो लाटला, टोचला, कढईत सोडला. उलटला. निथळून, वाटीबिटी काही न घेता, कागदावर ठेवून आप्पांच्या पुढे धरला आणि नेहमीसारखे समोर उभे राहिले, हात पाठीमागे बांधून.

आप्पांनी पकवान कानाजवळ नेला आणि मोडला.

कट्ट.

त्यांनी तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला, चावण्याचा आवाजही ऐकला. मग म्हणाले, "अर्धा मिन्ट आधी काढला. मधी जरा लवतोय."

लछमनकाकांनी उरलेला तुकडा उचलून मोडून बघितला. मान हलवली. आणि गॅस बंद करायला गेले होते ते परत वळून परातीत मैदा चाळायला लागले.