डिझेलचा काटा

दीपमालानं घड्याळ खोक्यात ठेवण्यासाठी उचललं आणि तशीच उभी राहिली. काटा फिरत होता.

बाबांच्या चष्म्याशेजारी फळीवर ते पालथं पडलेलं होतं. खोकं तिनं कपाटातून शोधून काढलं होतं, आतली उशी झटकून ठेवली होती. बंद पडलेलं घड्याळ उशीवर चढवायचं, झाकण लावायचं आणि संध्याकाळी पुण्याला न्यायच्या बॅगेत तळाशी ठेवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण गडद निळ्या तबकडीवरून सेकंदकाटा सरकत होता. इतर घड्याळांसारखा ठेचकाळत नव्हे. पाण्यावरून पान वाहत जावं तसा, सलग. आत किती ताकद शिल्लक आहे हे दाखवणारा छोटा काटाही जवळजवळ पूर्ण वर होता.

बाबांना जाऊन दोन आठवडे होत आले होते. जलदानविधी परवा झाला. मनगटावर नसेल तर हे घड्याळ तीन दिवसांत थांबतं. या घरात ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. जपानहून तिनंच ते आणलं होतं.

जपानी यंत्रांची माहितीपत्रकं मराठी-इंग्रजीत आणणं हे तिचं पोटाचं काम. एकदा कंपनीनं तिकडे नेलं तेव्हा साठवलेले सगळे पैसे तिनं या एका वस्तूत घातले. तिचे बाबा, देवमन, अकोल्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. 'मूर्तिजापूर, बडनेरामार्गे अमरावती' हे शब्द त्यांनी तिथल्या खिडकीच्या जाळीमागून जन्मभर उच्चारले, आणि प्रत्येक वेळी आधी मनगटाकडे पाहिलं. निवृत्त होताना त्यांच्या मनगटावर तिला चांगलं घड्याळ हवं होतं.

"याला बॅटरी नाही, बाबा," तिनं समजावलं होतं. "तुमचा हात हलला की आतलं वजन फिरतं, स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना एक चाक फिरवते. चाकाचा वेग स्फटिक मोजत राहतो, आणि जास्त झाला की चुंबक त्याला आवरतो. दात अडकून थांबणं नाही, म्हणून टिकटिक नाही."

देवमननी घड्याळ कानाला लावून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे घाटात गाडी सोडाची, पन पाय ब्रेकवरच. समजलं." आणि त्या छोट्या काट्यावर नख ठेवून, "आन हा डिझेलचा काटा."

त्यांचे स्टँडवरचे दोस्त, ड्रायव्हर खुशालराव, बाजूलाच बसले होते. "दोनशे मीटर पान्यात चालते म्हने ही घडी," ते म्हणाले. "अकोल्यात नळ येते आठवड्यातून एकडाव. कुठी बुडतं बे देवमन?"

"तुया चहात," देवमन म्हणाले. "त्यात पानीच राह्यते."

त्यांनी ते कधी ओलं होऊ दिलं नाही. हात धुतानाही काढून खिशात ठेवत.

दीपमालानं घड्याळ उलटं केलं. पोलादी पट्ट्याच्या एका कडीत काहीतरी पांढरं अडकलं होतं. तिनं नखानं ते काढलं. वाळलेलं ज्वारीचं पीठ होतं.

"आई," तिनं हाक मारली. "हे कोण घालतं?"

भागीरथाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. घड्याळाकडे बघून त्यांनी नजर वळवली, चूक पकडली गेल्यासारखी.

"माह्याच हातात राह्यते. झाडतानी, भाकरी थापतानी. मोठी होते मले, पन कोपरापर्यंत चढवली का बसते. आज तू खोकं शोधून राहिली म्हनून काढून ठेवली."

"पण कशाला?"

"बंद पडली असती त तूच म्हनली असती, एवढी घडी बी सांभाळली नाई."

"मी असं म्हणाले असते?"

आईनं फळीवरचा चष्मा उगाच सरळ केला.

म्हणाली असती. म्हणाली होतीच. दिवाळीनंतरच्या एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले होते, "दीपा, घडी बंद पडून राहिली बाप्पा. डिझेलच पुरून नाई राहिलं." ती तेव्हा एक मजकूर तपासत होती; पडद्यावर बाबा एका कोपऱ्यात आणि कागद समोर. "चावी द्या ना," ती म्हणाली. पाणी शिरू नये म्हणून या घड्याळाची चावी आट्यांनी आवळलेली असते. आधी ती फिरवून सैल करावी लागते. "पकडल्या जात नाई," बाबा म्हणाले, "सुटून जाते हातातून." "एका हातानं कशाला करता? दोन्ही हातांनी नीट धरा." मग पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तेव्हा ती वैतागली होती. "घड्याळात काही बिघाड नाही, बाबा. तुम्ही दिवसभर खुर्चीत बसून राहता. हात हलवला नाही तर ते चालणार कसं?"

त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. दर रविवारी घड्याळ चालू असायचं. कॅमेऱ्यासमोर धरून ते दाखवायचे, "पाह्य, टाकी फुल." आणि तिला बरं वाटायचं, ऐकलं म्हणून.

"आई, तू हे बाबा गेल्यावर घालायला लागलीस?"

"नाई व. पहिलेपासून." भागीरथाबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. "तू रागावली तवापासून. शनिवारी दिवसभर माह्या हातात, आन रविवारी तुया फोनच्या टायमाले त्यायच्या हातात बांधून द्यायची."

"म्हणजे बाबांनी घालणं सोडलं होतं."

"सोडलं कुठी! शनिवार सोडला त झोपेत बी काढू देत नव्हते. पन हातच हालत नव्हता त डिझेल भरन कुठून?"

आईनं हे किती सहज म्हटलं. दीपमालाच्या बोटांखाली पोलाद हळूहळू गरम होत चाललं होतं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी बाबांच्या मेंदूचा फोटो बघत विचारलं होतं, हाताला अशक्तपणा कधीपासून होता. पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेली ती, खुर्चीतून उठून म्हणाली होती, "काही त्रास नव्हता. एकाएकी झालं." डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं. त्या दिवसापासून जो आला तो तेच म्हणाला. एकाएकी. अमरावतीची आत्या गळ्यात पडून म्हणाली, पुण्याहून आलेले फोन म्हणाले. तो शब्द हातात देऊन माणसं जात होती, आणि तिनंही तो घट्ट धरून ठेवला होता.

"कप सुटे हातातून," आई सांगत होती. "मुंग्या येत. गल्लीतल्या डॉक्टरनं गोया देल्या, म्हने मानेची शीर दबली. म्या म्हनलं, पुन्याले मोठे डॉक्टर राह्यतात, दीपाले सांगा. त म्हने, सांगतलं."

"मला?"

"म्याबी तेच इचारलं. काय सांगतलं? म्हने, घडीचं सांगतलं. थे शिकेल हाये, घडी तिनंच आनली. काहून बंद पडते थे तिले समजते."

बाहेर कुणीतरी नळ आल्याची हाक दिली. गल्लीभर बादल्यांचा आवाज झाला. भागीरथाबाई उठल्या, पाइप लावून आल्या. दीपमाला जागची हलली नाही. तिला आता ते रविवार एकेक करून दिसत होते. बाबा घड्याळ दाखवायचे तेव्हा डावं मनगट उजव्या हातानं उचलून कॅमेऱ्यापाशी आणायचे. चित्र हलू नये म्हणून धरतात, असं तिला वाटलं होतं. एकदा ती कौतुकानं म्हणालीही होती, "आता बरोब्बर दिसतंय."

चाळीस वर्षं हा माणूस जाळीमागे बसून एवढंच सांगत आला होता, की अमुक गाडी फेल आहे, तमुक गाडी सुटणार नाही. का, हे त्यानं कधी सांगितलं नाही. ज्याला कळायचं त्याला तेवढ्यावर कळायचं.

दुपारी खुशालराव आले. ती निघणार म्हणून भेटायला. आता त्यांनाही चालायला काठी लागत होती. भागीरथाबाईंनी चहा दिला. त्यांनी एक घोट घेऊन कपात पाहिलं.

"एकाएकी गेला पाह्य देवमन," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी भेटे. बोलला बी नाई कधी, का बाप्पा मले असं होऊन राहिलं. सांगतलंच नाई कोनाले."

भागीरथाबाईंनी झटकन लेकीकडे पाहिलं. "हो ना भाऊ," त्या म्हणाल्या, "एकाएकीच झालं. कोनाले काय मालूम राह्यते."

दीपमालाच्या मांडीवर घड्याळ होतं. काटा चारावरून पाचाकडे गेला, पाचावरून सहाकडे, कुठेही न अडखळता.

"नाही काका," ती म्हणाली. "सांगतलं होतं. मले सांगतलं होतं."

तिच्या तोंडचं ते 'मले' ऐकून आई थबकली. पुण्याला गेल्यापासून ते या घरात ऐकू आलं नव्हतं.

"तुले?" खुशालराव म्हणाले. "काय सांगतलं होतं?"

"डिझेल पुरून नाई राहिलं म्हणून."

खुशालराव मोठ्यानं हसले. "जात नाई ना सवय! मरेपर्यंत गाडीच्याच गोठी..." त्यांनी कप तोंडाकडे नेला. तो अर्ध्यावरच राहिला. काही वेळानं त्यांनी तो न पिता खाली ठेवला आणि काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडे बघत बसले.

भागीरथाबाईंनी कप उचलला. जाता जाता लेकीसमोर थांबून त्यांनी हात पुढे केला.

"दे इकडे. तुया डब्याच्या भाकरी थापाच्या हायेत."

दीपमालानं पट्टा उघडला. आईच्या हातावरून घड्याळ वर सरकवत, कोपराखाली ते बसेल तिथवर नेलं आणि कळ दाबली. फळीवरचं खोकं उघडंच होतं. ते मिटायला कुणी उठलं नाही.

घड्याळाला आवाज नव्हताच. आतून भाकरीची थापथाप तेवढी येऊ लागली.