रिकामा चौथरा

"काय गं पोरी, आज काय हललंय?" उभ्याउभ्या कॉफी संपवत एवारिस्तो मास्तरांनी विचारलं.

दोन वर्षं रोज सकाळी हाच प्रश्न. मास्तरांच्या डोळ्यांपुढे नुसतं धुकं उरलं होतं आणि रोममधल्या त्या अख्ख्या संग्रहालयात हे त्यांच्या हाताखालच्या एकट्या ओर्नेल्लाला ठाऊक होतं. पावलं मोजून मास्तर पर्यटकांना पुतळे दाखवायचे. कुठला डागडुजीला गेला, कुठला परगावच्या प्रदर्शनाला, तेवढं ओर्नेल्लानं कानात सांगायचं. निवृत्तीला सात महिने होते. डोळ्यांचं कळलं असतं, तर त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं असतं.

आणि हेच मास्तर परवा सगळ्यांदेखत म्हणाले, "ओर्नेल्ला आणि प्रमुख गाइड? छे! तिची नुसती पोपटपंची. माझी जागा फाब्रित्सियाला द्या." वा रे वा! दोन वर्षं ज्याचे डोळे झाले मी, त्यानंच माझ्या पोटावर पाय द्यावा?

"काही नाही हललं, मास्तर," ती म्हणाली. मग वर जाऊन संचालकबाईंना सांगून आली, "मास्तरांची आजची फेरी ऐकाच तुम्ही."

तिसऱ्या दालनात मास्तर दारापासून मोजून एकोणीस पावलं चालले, वळले आणि हात उंचावला. म्हातारीचा अर्धपुतळा कालच मिलानला गेला होता. चौथऱ्यावर तशी चिठ्ठीही लावलेली होती.

"ही बघा आमची म्हातारी! कपाळावरच्या आठ्या बघा. अठराशे वर्षं झाली, पण सुनेवरचा राग काही जात नाही!"

पर्यटक आधी गोंधळले. मग एक जण फिसकन हसला, मग सगळेच. एका धटिंगणानं दोरी ओलांडली, चौथऱ्यावर हनुवटी टेकवून तोंड वेंगाडलं आणि त्याच्या बायकोनं फोटो काढला. मास्तर खुलले. "हसा, हसा! पण ते ओठ कसे घट्ट मिटलेत, तेही बघा."

संचालकबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. ओर्नेल्ला मास्तरांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मास्तर तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "पोरी, आज एवढी का गं हसतायत मंडळी?"

"विनोदच झकास होता, मास्तर," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू नाही आला. पुन्हा सांगा ना."

मास्तरांनी घसा खाकरला, हात उंचावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.